उजवीकडं झुकलेली सीट

माझ्या हातून एका माणसाच्या बुडाला फोड आले आणि त्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही. तो माणूस माझा सख्खा धाकटा भाऊ. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून पश्चात्तापाची वाट बघत बसायला नको.

जुन्या चामडी सायकल-सीटा बसणाऱ्याच्या मापाच्या करून देणं हा माझा धंदा. नवऱ्याचं बारामतीत सायकलचं दुकान आहे, माझं काम जळोचीतल्या घराच्या पडवीत चालतं. पूर्वी मी फाटक्या सीटांवर रेग्झिन शिवायचे. मग घरोघरी मोटारसायकली आल्या आणि दुकान भाड्यापुरतं उरलं. अलीकडं काय वारं सुटलं कुणास ठाऊक, ज्यांनी सायकली भंगारात घातल्या तीच माणसं पोटं सुटल्यावर परत सायकलवर आली. डॉक्टर, ठेकेदार, रिटायर झालेले मास्तर, सगळे तंग चड्ड्या घालून भल्या पहाटे रस्त्यावर. त्यांना महागाच्या सायकलींवरच्या फोमच्या सीटा टोचायला लागल्या, तेव्हा आज्या-बापाच्या चामडी सीटांची आठवण झाली. माळ्यावरनं, गोठ्यातनं, जुन्या बाजारातनं उकरून आणतात आणि माझ्यापुढं ठेवतात.

कुणाच्या मांड्या घासतात, त्याच्या सीटच्या दोन्ही कडांना भोकं पाडून मी खालनं दोरी आवळते. कुणाला मधल्या भागात मुंग्या येतात, त्याला मधोमध फट कापून देते. कुणाची सीट झोळीसारखी लोंबते, तिच्या नाकात एक बोल्ट असतो, तो फिरवून चामडं ताणते. चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, तांब्याचे रिबीट आणि मेण लावलेला दोरा, एवढीच माझी हत्यारं. सुरुवातीला बाया नाक मुरडायच्या, बाईमाणसानं चामड्यात हात घालायचा म्हणजे काय. मी म्हणायचे, पायात काय घालून आलीस गं?

या कामातली एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चामडी सीट बसणाऱ्याचं अंग घेते. बुडाची दोन हाडं टेकतात तिथं वर्षानुवर्षं दोन खळगे पडत जातात आणि ती सीट त्या एका माणसाची होऊन बसते. दुसऱ्याची सीट आणि दुसऱ्याची वहाण, दोन्ही चावतात. म्हणून जुनी सीट आली की मी आधी चामडं ओलं करते, खळगे दाबून सपाट करते आणि मग नव्या मालकाच्या हवाली करते.

आमच्या आबांची सीट सगळ्यांत वेगळी होती. आबा म्हणजे माझे वडील. कळंबला राहायचे आणि जवळच्या कारखान्यात वर्कशॉपला होते. तरुणपणी त्यांच्या उजव्या पायावर लोखंडी तुळई पडली आणि तो पाय आखूड झाला. उजवं पेडल गाठायला त्यांना त्या बाजूला झुकावं लागायचं. त्यामुळं सीटचा उजवा खळगा खोल, डावा उथळ. मी पुढं नळीवर बसून शाळेला जायचे, तेव्हा त्यांच्या प्रत्येक पेडलला सायकल जरा उजवीकडं जाऊन परत यायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच सायकली अशा चालतात.

एकदा त्या सीटची कड उसवली. आबांनी भावाला सांगितलं, दाभण घे आणि दोन टाके घाल. तो म्हणाला, चामडं कोण शिवंल, ते काय आपलं काम हाय का. मी पोत्याचा दोरा ओवला आणि शिवली. वाकडेतिकडे, एकमेकांवर चढलेले टाके, कोंबडीनं माती उकरावी तसे. आबांनी ते बघितले, सीटवर बसले आणि म्हणाले, "झॅक हाय." चामड्याला माझा हात लागला तो असा, त्यांच्या सीटवर.

आबा गेल्यावर त्यांच्या जमिनीची हक्कसोड करायची वेळ आली. आमच्याकडं ही रीतच आहे. बहिणीनं इंदापूरच्या रजिस्टर ऑफिसात जायचं, साहेबापुढं राजीखुशीनं सोडते म्हणायचं आणि भावानं साडीचोळी करायची. सही केली नाही तर माहेराचा दरवाजा बंद. मला जमिनीचं दुःख नव्हतं असं म्हणणार नाही, होतं, पण सगळ्याच बहिणी करतात तसं मीही केलं. फक्त आदल्या दिवशी भावाला म्हणाले, मला दुसरं काही नको, आबांची सायकल दे. तो म्हणाला, "घिऊन जा की अक्का. कुणी आडवलंय तुला?"

दुसऱ्या दिवशी साहेबानं विचारलं, कुणाचा दबाव नाही ना? मी म्हणाले, नाही. अंगठ्याची शाई पुसायच्या आत भावानं जीपच्या बॉनेटवर साडी ठेवली, मोरपंखी काठाची, वर खण आणि नारळ. हॉटेलात जेवायला घातलं. आणि हात धुताना मी सायकलचं काढलं तर म्हणाला, अगं ती कवाच भंगारवाल्याला घातली, गंजून पार चाळण झाली हुती. त्याच्या ओठाला अजून आमटी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सही होऊन गेली होती. गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच.

त्या साडीची घडी मी अंगावर कधी मोडली नाही. घरी आले आणि रापीनं तिची फडकी केली. चामड्याचं मेण पुसायला सुती साडी फार चांगली.

त्यानंतर मी कळंबला पाऊल टाकलं नाही. त्यानंही बोलावलं नाही, दिवाळीलासुद्धा नाही. त्यानं इंदापुरात बंगला बांधल्याचं, लोणी देवकरला कंपन्यांना माणसं पुरवायचा ठेका घेतल्याचं दुसऱ्यांकडून कळायचं. मी काय करते हे त्याला ठाऊक नव्हतं. बहीण काय करते हे कळायला बहिणीच्या दारात यावं लागतं.

आणि मग एक दिवस गुरुजी आले. गुरुजी म्हणजे आमच्याकडं कायम गिऱ्हाईक घेऊन येणारे रिटायर मास्तर, सायकलवाल्यांच्या मंडळातले. त्यांनी युरियाच्या पिशवीतनं एक सीट काढून पाटावर ठेवली. तेलानं नुसती निथळत होती. मालकानं नव्या वहाणेला तेल पाजतात तशी तिला करंजाच्या तेलात रात्रभर बुडवून ठेवली होती, मऊ व्हावी म्हणून. आमच्या मुलखात चामडं दिसलं की तेल पाजायचं, एवढंच लोकांना ठाऊक. पण वहाण मऊ लागते आणि सीट ताठ लागते. ही पिऊन पिऊन पार ढिली पडली होती.

मी ती उचलली आणि माझा अंगठा आपोआप उजव्या खळग्यात गेला. खोल. डावीकडं चाचपलं, उथळ. उलटी केली. कडेला पोत्याचा दोरा, वाकडेतिकडे टाके.

गुरुजी बोलतच होते. मालक इंदापूरचे आहेत, लोणी देवकरला ठेका आहे, सीट वडिलांची, इतकी वर्षं फडक्यात बांधून माळ्यावर ठेवली होती, कुणीतरी सांगितलं होतं की विलायती आहे, जपून ठेवा. आता त्यांना मधोमध फट पाडून पाहिजे, कडा तासून पाहिजेत. आणि मग गुरुजींनी मालकाचा निरोप जसाच्या तसा सांगितला, "आमच्या म्हाताऱ्याचे खड्डे पडल्यात त्याच्यात, तेवढे काढून टाका म्हणावं."

म्हाताऱ्याचे खड्डे. मी गुरुजींना चहा दिला. कुठल्या हातानं दिला ते आठवत नाही. मालकाला माझं नाव सांगितलंय का, असं विचारलं. ते म्हणाले, जळोचीतल्या ताई म्हणून सांगितलं, त्यांनी पुढं काही विचारलं नाही. बरं झालं, म्हणाले मी, आणि काम घेतलं.

नवरा स्वभावानं गरीब. तो म्हणाला, ठेवून घे, गुरुजींना सांग तेलानं कुजून तुकडे पडले, मालकाला दुसरी दे. मी म्हणाले, चोरी त्यानं केली, मी कशाला करू? मला आबांची सीट पाहिजे होती, पण ती त्याच्या हातून, त्याच्या तोंडानं पाहिजे होती. गुपचूप ठेवून घेतली असती तर तो सुखानं सायकल फिरवत राहिला असता. सुखानं फिरू द्यायचं नव्हतं मला त्याला.

आधी सीट वाचवायची होती. गुरुजींनाच सांगून शाळेतले खडू मागवले, खलबत्त्यात कुटले आणि त्या भुकटीत सीट गाडून ठेवली. भुकटी तेल पिऊन पिवळी पडली की झटकायची, नवी घालायची. रोज उघडून अंगठा फिरवायचे. मला धास्ती होती की तेलासंगं आबांचे खळगेही जातील. चामडं हळूहळू ताठ होत गेलं, आणि खळगे होते तिथंच होते. त्या दिवशी मी पडवीत एकटीच रडले, आणि रडताना भावाला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

मग खरं काम. त्यानं खड्डे काढ म्हणून सांगितलं होतं, मी ते घट्ट केले. चामडं कोमट पाण्यानं ओलं केलं, वाळूच्या दोन पुरचुंड्या बांधल्या, उजवी जड, डावी हलकी, आणि खळग्यांत ठेवून सावलीत वाळवलं. फट कापली नाही, आबांच्या मधोमध रापी घालायला माझा हात धजेना. कडांना भोकं पाडून खालनं दोरी आवळली, माझे पोरपणाचे टाके मात्र तसेच ठेवले. शेवटी नाकातला बोल्ट फिरवला. सीट बोटानं वाजवली तर डफासारखी वाजली. आबांच्या अंगाची सीट, आबांपेक्षा दसपट कडक. वरनं नुसतं मेण लावून चकचकीत केली, त्या साडीच्याच फडक्यानं. एवढं सुंदर काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

यात लबाडी काय होती, सांगा. सीट होती त्याहून मजबूत करून दिली. त्याच्या बापाच्याच मापाची होती. बापाचं सगळं त्याला पाहिजे होतं, मग हेही घे.

गुरुजी न्यायला आले तेव्हा मी एक निरोप दिला. मालकाला सांगा, नवी आवळलेली सीट अंगाला बसायला लांबचा पल्ला मारावा लागतो, मध्येच उतरलं की ती हट्टी होते. गुरुजी भाबडे, त्यांनी नेऊन सांगितलं. भावाला मी लहानपणापासून ओळखते. चारचौघांत उतरेल तर शपथ.

रविवारी त्यांचं मंडळ इंदापूरहून बारामतीला नाश्त्याला आलं आणि परत इंदापूरला गेलं. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी काळजीच्या सुरात सगळं सांगितलं. निघताना मालकांनी सगळ्यांना सीट दाखवली, वडिलांची आठवण म्हणून. कळंबच्या आसपासच ते उजवीकडं कलंडायला लागले. लोक म्हणाले, उतरा, टेम्पोत सायकल टाका. छे. बारामतीत सगळे मिसळ खात बसले, हे बशी हातात धरून उभे. परतीच्या वाटेवर बोलायचे थांबले. इंदापुरात बंगल्याच्या फाटकाशी उतरताना पाय टाकता येईना, दोघांनी धरून उतरवलं. मी तोंडाला पदर लावला. गुरुजींना वाटलं मला वाईट वाटलं. आत जाऊन पोटभर हसले.

मग तो आला. मी म्हणतच होते, येणार. नाक दाबलं की तोंड उघडतं. दुपारची वेळ, दाराशी गाडी थांबली. पुढनं गुरुजी उतरले. मागनं भाऊ, झालरीच्या अभ्र्याची उशी बुडाखालनं सरकवत, दाराला धरून. काखेत सीट. कामाची खरडपट्टी काढायची या तयारीनं दोन पायऱ्या चढला आणि मला बघून थांबला.

"अक्का, तू?"

"मीच. ये. बस."

नवऱ्यानं प्लॅस्टिकची खुर्ची पुढं केली. भाऊ खुर्चीकडं बघत उभा राहिला. गुरुजींनी विचारलं, तुम्ही ओळखता एकमेकांना? मी म्हणाले, एका ताटात जेवलोय. त्यांच्या लक्षात आलं आणि ते बिचारे भिंतीला टेकून उभे राहिले.

भावानं तरीही आवाज चढवायचा प्रयत्न केला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. असलं काम करतात का, म्हणाला, खड्डे काढायला सांगितलं होतं, एका बाजूला विहीर खणून ठेवलीय. मी सीट त्याच्या हातातनं घेतली, उलटी केली आणि टाके त्याच्यापुढं धरले. कुणाचे म्हणून विचारलं. त्याला ते ओळखू आले. ज्या कामाला नाही म्हणलं ते माणसाच्या बरोबर ध्यानात राहतं.

"भंगारात गेली हुती नव्हं ही?" मी म्हणाले. "भंगारवाल्यानं परत आणून दिली वाटतं."

तो गुरुजींकडं बघायला लागला. त्याच मंडळात त्यानं रविवारी वडिलांची आठवण म्हणून मिरवली होती. गुरुजी जमिनीकडं बघत होते. तो पुटपुटला की सायकल गेली, पण सीट विलायती हाय असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तेवढी राहिली, आणि एक वस्तू दिली की बहिणी आणखी मागतात असं लोक म्हणाले. बहिणी. मी एकटीच आहे त्याला.

मी म्हणाले, खड्डा मी पाडला नाही, आबांनी पाडलाय, रोज कारखान्याला जाऊन तुला शिकवताना पाडलाय. तुला तो टोचला.

तो म्हणाला, "मग ठिवून घे ना ही. मला दुसरी दे एखादी. माझ्यानं न्हाय बसवत ह्याच्यावर."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की माझं पोट भरेल. नाही भरलं. टोचली म्हणून टाकत होता तो, अडला हरी गाढवाचे पाय धरी. दिली कुठं होती? मी म्हणाले, बदल्यात काही मिळणार नाही, आणि ठेवून घे म्हणून मी ठेवून घेणार नाही. "मी सोडला तसा हक्क सोड. साक्षीदार हायती दोन."

नवरा म्हणाला, जाऊ दे आता. मी ऐकलं नाही. आत जाऊन ट्रंक उघडली. लग्नाकार्यांत आलेल्या टॉवेल-टोप्या प्रत्येक घरात पडून असतात, पुढच्या कुणाच्या तरी आहेराला. त्यातला एक घडीचा टॉवेल घेतला, एक टोपी, देवापुढचा नारळ, कुंकवाची कोयरी. पाट मांडला. तो पाटाकडं बघून म्हणाला, बसता येत न्हाय अक्का. मी म्हणाले, उभ्यानं चालेल, मीसुद्धा त्या दिवशी साहेबापुढं उभीच होते.

त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. टॉवेल खांद्यावर टाकला. टोपी नवऱ्यानं घातली, ती त्याला लहान झाली. नारळ हातात दिला आणि म्हणाले, म्हण.

"राजीखुशीनं सोडतो," तो म्हणाला.

"कुणाच्या दबावाखाली?"

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्याचं तोंड आबांसारखं आहे, ते मला त्या वेळी नको होतं.

"कुणाच्या दबावाखाली न्हाय," तो म्हणाला.

मी त्या दिवशी जेवढी खरी बोलले होते, तेवढाच तो आज खरा बोलला. मी मान हलवली, साहेबानं हलवली होती तशी.

गुरुजी खाली उतरून गाडीपाशी गेले. भाऊ गेला नाही. टॉवेल, टोपी आणि नारळासकट पाटापाशी उभा राहिला. मी सीट मांडीवर घेऊन खाली बसले. मग तो वाकला, आणि सीटवर त्यानं हात ठेवला, उजव्या खळग्यात, सबंध तळहात. तळहात त्यात बरोबर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मला दिसलं. खोटं नव्हतं.

"हात काढ," मी म्हणाले. "आता न्हाय तुझा हक्क."

त्यानं हात काढला. मी पाटाखालचं फडकं घेतलं आणि त्याचा हात होता तेवढी जागा पुसली. फडक्याला मोरपंखी काठ होता. तो काठाकडं बघत राहिला, मग पायऱ्या उतरला.